घरामागच्या पूलचा व्हॉल्व्ह बदलायचाय: बॉल, युनियन की डायव्हर्टर?

निळाई (शनिवार, सकाळी ८.१०)

नमस्कार मंडळी. घरामागे पोहण्याचा छोटा पूल आहे, साधारण ४५ हजार लिटरचा. बांधून बारा वर्षं झाली. पृष्ठभागावरचं पाणी ओढणाऱ्या स्किमरची एक लाइन आणि तळाच्या दोन ड्रेनची मिळून दुसरी, अशा दोन लाइन पंपाकडे येतात. प्रत्येकीवर पीव्हीसीचा एकेक बॉल व्हॉल्व्ह, दोन्ही सोल्युशनने चिकटवलेले. मग दोन्हींना जोडणारा टी, मग पंप, सँड फिल्टर, हीटर आणि शेवटी गोळ्यांचा क्लोरिनेटर. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा हातभर वर आहे.

काल स्किमरचा व्हॉल्व्ह फिरवायला गेले आणि हँडल दांड्याच्या तुकड्यासकट हातात आलं. बॉल अर्धवट बंद अवस्थेत अडकलाय. फिल्टरवरचा दाबाचा काटा नेहमी १३ पीएसआयच्या आसपास असतो, तो आता ८ वर आहे. शिवाय महिनाभर रिटर्नच्या, म्हणजे पाणी पूलमध्ये परत सोडणाऱ्या पाइपच्या, तोंडातून बुडबुडे येतायत, आणि सकाळी पंपाच्या बास्केटमधलं पाणी निम्म्यावर उतरलेलं असतं.

होता तसाच व्हॉल्व्ह परत चिकटवू, की या निमित्ताने काही चांगलं बसवू? जागा अडचणीची आहे. व्हॉल्व्ह आणि टी यांच्यामध्ये जेमतेम ७ सेंमी पाइप उघडा आहे. काम स्वतः करायचा विचार आहे, पाइप कापायची आणि चिकटवायची सवय आहे.

हातोडा (शनिवार, सकाळी ८.३२)

होता तसाच आणा, कापा, चिकटवा. बारा वर्षं टिकला ना? आणखी बारा टिकेल.

पान्हा_पक्कड (शनिवार, सकाळी ९.०५)

हातोडा, इथे असहमत. चिकटवलेला बॉल व्हॉल्व्ह बिघडला की दुरुस्ती म्हणजे करवत. दर वेळी दोन्हीकडचा थोडा थोडा पाइप कमी होतो. निळाईताईंकडे ७ सेंमी उरलाय, पुढच्या खेपेला कपलिंग बसायलाही जागा नसेल. मी बसवताना पहिला प्रश्न हा विचारतो की हा व्हॉल्व्ह खराब झाला की बाहेर कसा काढायचा? त्याचं उत्तर 'कापून' असेल तर तो माझ्या पंपाजवळ येत नाही.

दोन पर्याय आहेत. एक, दोन्ही टोकांना नट असलेला युनियन बॉल व्हॉल्व्ह. नट सैल केले की मधला भाग हातात येतो. दुसरा, डायव्हर्टर, म्हणजे कुठल्या लाइनमधून किती पाणी घ्यायचं ते एका हँडलने ठरवणारा व्हॉल्व्ह. त्याचं शरीर पाइपला कायमचं चिकटलेलं असतं, पण वरचं झाकण स्क्रूने उघडतं आणि आतला फिरता भाग, ओ-रिंग (रबरी कडी), दांडा सगळं वरून बदलता येतं. पाइपला हात लावावा लागत नाही.

तुमच्या मांडणीत तर तीन तोंडांचा एकच डायव्हर्टर टीच्या जागी बसेल. दोन्ही जुने व्हॉल्व्ह आणि टी सगळंच जाईल.

शेवाळं (शनिवार, सकाळी ९.११)

शीर्षकात 'पूलचा व्हॉल्व्ह' वाचून मी नदीवरच्या पुलाला व्हॉल्व्ह शोधत आत आले. आता आलेच आहे तर थांबते, माझ्याही मल्टिपोर्टची, म्हणजे फिल्टरवरच्या अनेक वाटांच्या व्हॉल्व्हची, तक्रार आहे.

गाळणी (शनिवार, सकाळी ९.४०)

थांबा. कापाकापीच्या आधी हवा नक्की कुठून शिरते ते शोधा. बुडबुडे आणि उतरलेली बास्केट ही सक्शनकडून हवा ओढली जात असल्याची खूण आहे. मोडलेला व्हॉल्व्ह समोर दिसतोय म्हणून तोच दोषी असं धरून चालू नका. पंपाच्या आधीच्या पाइपात चालू असताना दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे तिथल्या फटीतून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंप बंद केल्यावर क्वचित एखादा थेंब दिसतो, तोही पटकन सुकतो. म्हणून लोकांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

पंप चालू ठेवा आणि दाढीचा फेस एकेका जोडावर लावत जा. आधी पंपाच्या झाकणाची कड, मग पंपाच्या तोंडाचे आटे, मग व्हॉल्व्हचे दांडे, मग चिकटवलेले जोड. जिथे हवा ओढली जाते तिथे फेसात खळी पडते. झाकणाच्या ओ-रिंगवर वाळूचा एक कण असला तरी एवढे बुडबुडे येतात, म्हणून सुरुवात तिथून.

निळाई (शनिवार, सकाळी ११.२५)

गाळणी, तुमचे मनापासून आभार. आत्ता फेस लावून आले. झाकण ठीक आहे. मोडलेल्या व्हॉल्व्हच्या दांड्याशी खळी पडली, ती अपेक्षितच होती. पण ड्रेनच्या लाइनवरच्या, अगदी धडधाकट दिसणाऱ्या व्हॉल्व्हच्या दांड्याशी त्याहून मोठी खळी पडली. फेस गोल फिरत आत जाताना डोळ्यांनी पाहिला. म्हणजे एकच बदलला असता तर बुडबुडे तसेच राहिले असते.

पान्हा_पक्कड (शनिवार, सकाळी ११.३१)

दोन्ही एकाच दिवशी बसवलेले, एकाच उन्हात उभे असलेले. एकाचं रबर गेलं तर दुसऱ्याचं किती टिकणार? दोन्ही काढा.

खोलपाणी (शनिवार, दुपारी १२.१५)

काम सुरू होण्याआधी एक गंभीर गोष्ट. स्किमरची लाइन अर्धी बंद आहे, म्हणजे आत्ता पंपाची बरीचशी ओढ तळाच्या ड्रेनवर येतेय. निळाईताई, तुमचे दोन ड्रेन आहेत हे चांगलं आहे. त्यांच्यात किमान ३ फूट अंतर आहे ना, आणि दोन्हीवर फुगीर, न तुटलेली जाळी आहे ना, हे आजच बघा. जिथे एकच ड्रेन आहे तिथे सगळी ओढ त्यावर सोडणं जिवावर बेतू शकतं. त्या ओढीतून माणसाला हाताने सोडवता येत नाही.

अमेरिकेत २००२ साली सात वर्षांची एक मुलगी अशी ड्रेनला चिकटून बुडाली. २००७ साली तिच्या नावाने, व्हर्जिनिया ग्रेम बेकर कायदा म्हणून, तिथल्या सार्वजनिक पूलसाठी जाळ्यांचे नियम आले. व्हॉल्व्ह कुठे उघडा आणि कुठे बंद, हा प्रश्न पोहणाऱ्याच्या सुरक्षेचासुद्धा आहे. काम पूर्ण होईपर्यंत पूलमध्ये कुणाला सोडू नका.

निळाई (शनिवार, दुपारी १२.४०)

अंतर सहा फूट आहे, दोन्ही जाळ्या शाबूत आहेत, आत्ताच खात्री केली. पंप बंद केलाय आणि मुलांना सांगून ठेवलंय.

आडवाट (शनिवार, दुपारी १.२०)

विषय थोडा बाजूला नेतो. आपण सगळे 'व्हॉल्व्ह' म्हणतोय. मराठीत झडप हा किती नेमका शब्द आहे! हृदयाच्या झडपा आपण सहज म्हणतो, मग पाइपची झडप का नाही?

संध्यामेघ (शनिवार, दुपारी १.४१)

आडवाट, झडप म्हटलं की डोळ्यांसमोर एका बाजूने ढकलली जाणारी आणि उलटं आलं की मिटणारी पाकळी येते. हृदयात तसंच असतं. त्यामुळे एनआरव्हीला, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हला, झडप शोभून दिसतं. बॉल व्हॉल्व्हमध्ये भोक पाडलेला गोळा फिरतो, तिथे झडप कुठली? घरात आम्ही त्याला कॉक म्हणत आलो, आणि अंगणातल्या नळाला चावी.

आडवाट (शनिवार, दुपारी १.५०)

पटलं. गोळ्याला व्हॉल्व्ह, पाकळीला झडप. माझ्यापुरतं ठरलं.

गाळणी (शनिवार, दुपारी २.१०)

झडपेचा विषय निघालाच आहे तर, निळाईताई, हीटर आणि क्लोरिनेटर यांच्यामध्ये तुमच्याकडे एनआरव्ही आहे का? पहिल्या पोस्टमध्ये उल्लेख नाही. ट्रायक्लोरच्या (क्लोरीनच्या) गोळ्या विरघळलेलं पाणी चांगलंच आम्लधर्मी असतं, पीएच ३ च्या आसपास. पंप थांबला की ते दाट पाणी मागे हीटरकडे सरकतं आणि रात्रभर तांब्याच्या नळ्यांत बसतं. तांबं झिजतं, तेच पाण्यात उतरून भिंतीवर निळसर-हिरवे डाग पडतात. क्लोरिनेटरच्या आधी झडप, ही माझ्या मते या सगळ्या पाइपांतली सगळ्यांत महत्त्वाची झडप. आणि ती उघडता येणारी, पारदर्शक झाकणाची घ्या. पाकळी नीट मिटते की नाही हे नुसतं बघून कळतं.

निळाई (शनिवार, दुपारी २.३५)

आहे. पण झाकण काळं आहे. उघडून बघितलं तर पाकळी फुगून वाकडी झाली आहे, बसतच नाही. हिरवट डाग पायऱ्यांवर आहेत! दोन वर्षं मी ते शेवाळ समजून घासतेय.

शेवाळं (शनिवार, दुपारी २.३८)

माझी त्यातून निर्दोष सुटका झाली, बरं वाटलं.

आता माझी तक्रार. सहा जागांचा मल्टिपोर्ट आहे. दांडा 'फिल्टर'वर असतानाही फिल्टर धुतल्याचं पाणी बाहेर सोडणाऱ्या बॅकवॉशच्या पाइपातून पाण्याची बारीक धार सतत जाते. पूलची पातळी दर आठवड्याला उतरते. पूर्ण मल्टिपोर्ट बदलायचा का?

पान्हा_पक्कड (शनिवार, दुपारी ३.१५)

शेवाळंताई, नाही. आधी वरचं झाकण उघडा. आत चाकाच्या आऱ्यांसारखं एक रबर असतं, त्याला स्पायडर गॅस्केट म्हणतात. तेच सहा वाटा एकमेकींपासून वेगळ्या ठेवतं. एखादा आरा खाचेतून उठला किंवा तुटला की फिल्टरचं पाणी शेजारच्या वाटेत शिरतं आणि तुम्ही सांगताय तसंच होतं. खाच स्वच्छ पुसून नवं गॅस्केट बसवा. झाकण उघडण्याआधी शरीरावर आणि झाकणावर मार्करने एक सरळ रेघ मारा, नाहीतर परत बसवताना जागा चुकतात.

आणि ते का उठलं याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, पंप चालू असताना दांडा फिरवणं. पंप बंद, काटा शून्यावर, दांडा पूर्ण खाली दाबायचा, मग फिरवायचा. 'क्लोज्ड' या जागेवर तर पंप कधीच चालू करू नका. पाण्याला वाटच नसते आणि सगळा दाब फिल्टरच्या टाकीवर येतो. फिल्टरची झाकणं उडून माणसं जखमी झाली आहेत.

शेवाळं (शनिवार, दुपारी ३.२२)

पंप चालू असताना फिरवतात आमच्याकडे. आज सगळ्यांना गोळा करून सांगते. दादा, आभार.

हातोडा (शनिवार, दुपारी ४.००)

मी सकाळी घाईने लिहिलं. दोन्ही व्हॉल्व्ह हवा धरतायत म्हटल्यावर माझंही मत बदललं. पण डायव्हर्टरपेक्षा दोन युनियन व्हॉल्व्ह का नको? दोन्ही लाइन वेगवेगळ्या आणि पूर्ण बंद करता येतात. तीन तोंडांच्या डायव्हर्टरला साधारणपणे एका वेळी एकच तोंड बंद करता येतं.

खोलपाणी (शनिवार, दुपारी ४.२५)

हातोडा, तुमचा मुद्दा ज्यांचा पंप पाण्याच्या पातळीखाली आहे त्यांच्यासाठी अगदी खरा आहे. माझा तसाच आहे. बास्केट साफ करायला झाकण उघडलं आणि दोन्ही लाइन बंद नसल्या तर पूल माझ्या पायांवर रिकामा होतो. पाइप कापायचा तर स्किमरला आणि रिटर्नला रबरी बूच मारावं लागतं, आणि तळाच्या ड्रेनला बूच लावायला पाण्यात उतरावं लागतं. मला पूर्ण बंद होणारे व्हॉल्व्हच हवेत.

निळाईताईंचा पंप पातळीच्या वर आहे. झाकण उघडलं की हवा शिरते आणि पाणी आपोआप खाली जातं. तिथे एकाच वेळी दोन्ही बंद न करता येणं हा गुणच आहे. घाईत कुणी दोन्ही बंद करून पंप चालू केला तर पंप कोरडा फिरतो, आतलं थोडं पाणी उकळीला येतं आणि पंपाला लागून असलेला पीव्हीसी मऊ पडतो. पीव्हीसी ६० अंश सेल्सियसपर्यंतच धरतो. डायव्हर्टरमध्ये ही चूक सहसा होत नाही.

संध्यामेघ (शनिवार, सायंकाळी ५.१०)

युनियन घेणाऱ्यांसाठी एक अनुभव. एका बनावटीचे नट आणि टोकं दुसऱ्या बनावटीच्या मधल्या भागाला बसत नाहीत. सहा वर्षांनी माझा मधला भाग गेला तेव्हा ते मॉडेल बंद झालं होतं. युनियन असूनही शेवटी करवतच काढली. तेव्हापासून व्हॉल्व्ह घेताना त्याच मॉडेलचा आणखी एक घेऊन ठेवते. डायव्हर्टरच्या ओ-रिंग आणि आतल्या भागांचाही एक संच घेऊन ठेवावा.

अजून एक. युनियनच्या नटाला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिथे पाणी ओ-रिंग अडवते, आटे फक्त दाबून धरतात. टेपमुळे नट वाकडा चढतो. हाताने घट्ट केलेला पुरतो.

एकटा_टाइपतो (शनिवार, सायंकाळी ६.४५)

मी युनियन व्हॉल्व्ह बसवला तेव्हा पाइप घासला, प्रायमर लावला, सोल्युशन लावलं, टोक बसवून तीस सेकंद दाबून धरलं. अगदी पक्कं बसलं. मग नट घ्यायला हात पुढे केला. नट बाकावर होता. तो आधी पाइपात ओवायचा असतो.

पान्हा_पक्कड (शनिवार, सायंकाळी ६.५०)

हे प्रत्येकाचं एकदा होतं. मी आता नट पाइपात ओवून त्याला चिकटपट्टीने मागे बांधून ठेवतो, तोपर्यंत सोल्युशनचा डबा उघडायचा नाही असा नियम केलाय.

गाळणी (शनिवार, रात्री ८.०५)

निळाईताई, दुकानात जाण्याआधी पाइपचं माप नक्की करा. 'दोन इंची' म्हणून मिळणाऱ्या पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३ मिमी असतो. मेट्रिकमध्ये त्याच्या जागी ६३ मिमी असतो. तसंच दीड इंची ४८.३ आणि मेट्रिक ५०. दिसायला भाऊ-भाऊ, पण एकाचं फिटिंग दुसऱ्याला चालत नाही. ६३ च्या सॉकेटमध्ये ६०.३ चा पाइप हलतो. सोल्युशन जास्त लावून ती पोकळी भरेल असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

कॅलिपर नसेल तर दोरा घ्या. पाइपभोवती एक वेढा द्या, खूण करा, पट्टीवर ठेवा. १८९ मिमीच्या आसपास आला तर दोन इंची. १९८ आला तर ६३ मिमी.

निळाई (शनिवार, रात्री ८.३०)

विजेरी घेऊन गेले. दोरा १८९ आणि १९० च्या मध्ये आला. दोन इंची! मी ६३ चाच आणणार होते, कारण पूल बांधताना आलेल्या कागदावर तसं लिहिलंय.

वाचनमात्र (शनिवार, रात्री ९.१५)

पहिल्यांदाच लिहितोय. आमच्याकडे पितळेचा जुना गेट व्हॉल्व्ह आहे, चक्र फिरवायचा. चक्र दोन्हीकडे मोकळं फिरतं, पण स्किमर पाणी ओढतच नाही. पाइप खोदून काढायचा सल्ला मिळालाय. खोदू का?

खोलपाणी (शनिवार, रात्री ९.४०)

खोदू नका! आतली फळी दांड्यापासून सुटून खाली पडली असणार. तुम्ही फिरवताय तो नुसता दांडा. फळी मात्र वाट अडवून बसली आहे. क्लोरीनच्या पाण्यात पितळातलं जस्त हळूहळू निघून जातं, उरतं ते ठिसूळ, गुलाबीसर तांबं. खारट पाण्याच्या पूलमध्ये हे आणखी लवकर होतं. वरचा नट काढून आत बघा. पूलला आज कुणी नवा गेट व्हॉल्व्ह बसवू नये असं मला वाटतं. बंद करायला दहा वेढे, आणि तळात वाळू बसली की पूर्ण मिटतही नाही.

वाचनमात्र (रविवार, सकाळी ७.५०)

फळीच होती, खाली आडवी पडलेली. चिमट्याने बाहेर काढली, नखाने तिचा कोपरा तुटला. स्किमर पुन्हा ओढायला लागला. तुमच्यामुळे अंगण वाचलं.

हातोडा (रविवार, सकाळी ९.३०)

निळाई, काम कधी काढताय? ठरलं का काय बसवायचं?

निळाई (रविवार, सकाळी १०.०५)

तीन तोंडांचा डायव्हर्टर ठरला. टीसकट सगळं कापून काढणार, त्यामुळे ७ सेंमीची अडचणच संपते. क्लोरिनेटरच्या आधी पारदर्शक झाकणाची नवी झडप. पुढचा शनिवार धरलाय. कुणाला शेवटच्या सूचना द्यायच्या असतील तर द्या.

पान्हा_पक्कड (रविवार, सकाळी ११.२०)

पंपाची वीज मुख्य पॅनेलवरून बंद करा, नुसती टायमरवर नको. ठरलेल्या वेळी टायमर पंप चालू करेल आणि तेव्हा तुमच्या हातात उघडा पाइप असेल.

जमिनीतून वर येणाऱ्या पाइपांचा शक्य तितका भाग राखा. काटकोनात कापा, कानशीने कड मोडा. सगळं आधी कोरडं जुळवा आणि पाइप-फिटिंगवर जोडरेघा मारा. चिकटवताना तीच रेघ जुळवायची. पाव फेरा देत आत ढकला आणि धरून ठेवा, नाहीतर पाइप हळूच मागे सरकतो. सॉकेटच्या आत सोल्युशनचा थर पातळच ठेवा. जाड लावलं की ते ढकललं जाऊन आतल्या फिरत्या भागावर जातं आणि नवा व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी जाम होतो. मी आतला भाग काढून ठेवतो, सगळं सुकलं की परत घालतो. व्हॉल्व्हवर तो कशाचा बनलाय ते कोरलेलं असतं, त्याला चालणारं सोल्युशन घ्या. बऱ्याच डायव्हर्टरच्या तोंडात आतून दोन इंची पाइप बसतो आणि बाहेरून अडीच इंची फिटिंग, जागा कमी पडली तर हे उपयोगी पडतं. मग २४ तास पंपाला हात नाही.

गाळणी (रविवार, दुपारी १२.००)

ओ-रिंगला सिलिकॉनचं ग्रीस लावा, पेट्रोलियम जेली नको. ईपीडीएम रबर तिने फुगतं. तुमची वाकडी झालेली पाकळी आठवा. कुणी कधी काय लावलं असेल सांगता येत नाही.

हँडलवर 'ऑफ' लिहिलेलं असतं. बहुतेक डायव्हर्टरवर ते ज्या तोंडावर येतं ते तोंड बंद. लोक ते बाण समजून उलटं धरतात. पहिल्या दिवशीच नीट बघून घ्या.

एकटा_टाइपतो (रविवार, दुपारी १२.३०)

बॉल व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून प्रवाह कमी-जास्त करायची सवय असेल तर तीही सोडायची का? माझा पंप खडे भरल्यासारखा वाजतो.

खोलपाणी (रविवार, दुपारी १.१५)

तो आवाज ऐकून थांबू नका. सक्शनकडे वाट चिमटली की पाण्यात बाष्पाचे बुडबुडे तयार होतात आणि पंपाच्या पात्यांवर फुटतात. पाती खरवडली जातात. प्रवाह कमी करायचाच तर पंपाच्या पुढच्या बाजूला करा. त्याहून चांगलं म्हणजे पंपाचा वेग कमी करा, तशी सोय असेल तर. वेग निम्मा केला की वीज सुमारे आठपटीने कमी लागते.

दोन इंची पाइपात सेकंदाला ६ फूट हा सक्शनचा नेहमीचा वेग धरला तर मिनिटाला सुमारे २४० लिटर पाणी जातं, दीड इंचीत सुमारे १४५. पंप त्यापेक्षा मोठा असेल तर कुठलाही व्हॉल्व्ह लावा, आवाज राहणार.

निळाई (पुढचा रविवार, सायंकाळी ५.३०)

झालं! काल सकाळी वीज बंद केली, दोन्ही पाइप कापले. वरच्या भागातलं दोन-तीन तांबे पाणी आलं आणि थांबलं. कोरडं जुळवलं तेव्हा ड्रेनचा पाइप दोन बोटं तिरका निघाला. दोन ४५ अंशांचे एल्बो घालून सरळ आणला. आतला भाग काढून बादलीत ठेवला, मग चिकटवलं. आज दुपारी चार वाजता फिल्टरची हवा काढायची चावी उघडी ठेवून पंप चालू केला. आधी फुसफुस, मग थुंकी, मग पाणी. चावी बंद केली.

काटा १३ वर. बास्केट काठोकाठ भरलेली. रिटर्नच्या तोंडाशी गुडघे टेकून दहा मिनिटं पाहत बसले, एक बुडबुडा नाही. पंप बंद केला तेव्हा नव्या झडपेची पाकळी पारदर्शक झाकणाखाली टपकन मिटली. ते मुलाला चार वेळा बघायचं होतं, म्हणून पंप चार वेळा बंद-चालू झाला.

मार्करने तिन्ही पाइपांवर स्किमर, ड्रेन, पंप असं लिहून ठेवलंय. उघडा पीव्हीसी उन्हाने ठिसूळ होतो, म्हणून रंगही देणार आहे, मार्करची अक्षरं सोडून. महिन्यातून एकदा हँडल थोडं पुढे-मागे करायचं, तेही लिहून ठेवलं.

संध्यामेघ (पुढचा रविवार, सायंकाळी ५.५५)

अभिनंदन! पाण्याची वाट स्वच्छ झाली. जुने व्हॉल्व्ह टाकून दिले का? करवतीने उभे चिरून बघा, फार शिकायला मिळतं.

हातोडा (पुढचा रविवार, सायंकाळी ६.०२)

खूप छान. माझेही दोन चिकटवलेलेच आहेत. उद्या फेस लावून बघतो.

निळाई (पुढचा रविवार, सायंकाळी ७.२०)

आत्ता चिरला, ड्रेनचा, तो धडधाकट दिसणारा. गोळ्याभोवती पांढऱ्या क्षाराचा थर आहे, नखाने खरवडला तर भुकटी निघते. त्यामुळेच फिरवायला जड जात होता. स्किमरचाही असाच असणार, दांड्याने तिथे हार मानली. दांड्याच्या खाचेत ओ-रिंग आहे, पण गोल राहिलेली नाही. बाहेरची बाजू दाबून सपाट झाली आहे, बांगडीऐवजी पट्टी. एका जागी केसाएवढी भेग आहे, दोन बोटांत धरून ताणली तरच दिसते. महिनाभर सगळी हवा त्या भेगेतून येत होती. खिडकीत ठेवली आहे, मुलगा शाळेत दाखवायला नेणार आहे.

शेवाळं (पुढचा रविवार, सायंकाळी ७.३१)

माझं स्पायडर गॅस्केट आलं. दोन आरे तुटले होते. रेघ मारून झाकण काढलं, बसवलं, धार थांबली. आता दोरा घेऊन पाइप मोजायला चाललेय.